एमपीएच, ऊसतोड आणि एथिक्स कमिटीचं पत्र

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन वर्ष होत आलं, तरी "पुढच्या बैठकीत घेऊ" हे शब्द कानावर पडले की माझं डोकं अजून तापतं. बीएएमएस करून एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे आजार कुणात, किती आणि का पसरतात या अभ्यासाकडे वळणाऱ्या माझ्यासारख्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगत नाही. बायोस्टॅटची (आरोग्याच्या संख्याशास्त्राची) भीती दोन महिन्यांत जाते. कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्याच कारणामुळे दोन गोष्टींचा संबंध असल्याचा भास होणं, डोक्यात शिरायला वेळ लागतो, पण एकदा शिरलं की "अमुक खाल्ल्याने तमुक आजार टळतो" छापाची बातमी पूर्वीसारखी वाचताच येत नाही. आर (R) हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकून घ्या. फुकट आहे आणि प्रबंधाचं सगळं काम त्यात होतं.

मी अडकले ती प्रबंधाच्या परवानगीत. विषय होता, कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीला येणाऱ्या तिशीपुढच्या कामगारांमधला उच्च रक्तदाब. टोळ्या बीडकडून दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोप्या (राहायच्या झोपड्या) मोडून निघून जातात. म्हणजे माझ्याकडे जेमतेम पाच महिने. उच्च रक्तदाबाचं प्रमाण २५ टक्के धरून, ५ टक्के अचूकतेसाठी २८८ माणसं लागत होती. एका टोळीतली माणसं बरीचशी सारखी असतात, म्हणून दीडपट केली, ४३२ झाली. नकार देणारे १० टक्के धरले आणि आकडा ४८० वर गेला.

सप्टेंबरात एथिक्स कमिटीकडे अर्ज दिला. माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी हीच कमिटी देते. कमिटी दोन महिन्यांतून एकदा बसायची. ऑक्टोबरची बैठक हुकली, कारण विभागप्रमुखांची सही एका पानावर राहिली होती. हे मला बैठक होऊन गेल्यावर कळलं. फाईल तीन आठवडे टेबलावर होती, एक फोन कुणी केला नाही. (अर्ज देताना पोच घ्याच, आणि चार दिवसांनी जाऊन "सगळं पूर्ण आहे ना?" असं तोंडावर विचारा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.)

मग डिसेंबर. धोका नाममात्र असलेल्या अभ्यासाला झटपट तपासणी मिळते, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण सहभागी लोक दुर्बल घटकातले असतील तर पूर्ण कमिटीच लागते, हेही त्यातच आहे. ते मला पटतं. बैठकीनंतर पत्र आलं, त्यात दोन शंका होत्या.

पहिली संमतिपत्राच्या मराठीची. एका सदस्यांनी लिहिलं होतं, "हे मला दोनदा वाचावं लागलं." त्यांचं बरोबर होतं. मी "सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होण्यास संमती दर्शवीत आहे" असलं काहीतरी लिहिलं होतं. ते काढून टाकलं आणि लिहिलं, "तुमचं बीपी तपासायचं आहे. नको असेल तर नाही म्हणा. नाही म्हटलं म्हणून तुमचं काही अडणार नाही." अर्थ बदलला नाही ना हे पाहायला, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या मैत्रिणीकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं. चार दिवसांत काम झालं.

दुसरी शंका होती, "कारखान्याचं परवानगीपत्र जोडा." कारखान्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, तोडणीवाले आमच्या मस्टरवर नाहीत. ते मुकादमाचे." खरंच होतं ते. उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, टोळी आणणारा मुकादम देतो, हिशेब त्याच्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता, तोही त्याच्या वहीत. मग मुकादमाचं पत्र आणायचं? ज्याचे पैसे अंगावर आहेत त्यानं "तपासून घ्या" म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मग संमती राहिली कुठे? मी हे कमिटीच्या कार्यालयात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, "पत्र नसेल तर फाईल पुढे जात नाही. पुढच्या बैठकीत घेऊ." तिकडे फडातला ऊस रोज कमी होत होता. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी गाईडनी सांगितलं, कार्यालय सोड, सदस्य-सचिवांना वेळ मागून भेट. भेटले. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हेच प्रोटोकॉलमध्ये लिहून द्या. कारखाना या कामगारांचा मालक का नाही आणि मुकादमाची परवानगी का घेणार नाही, एवढंच." त्याच संध्याकाळी एक परिच्छेद लिहिला. त्यासाठी पाच आठवडे गेले! फेब्रुवारीच्या बैठकीनंतर मंजुरीचं पत्र हातात आलं तेव्हा जिन्यातच बसून वाचलं.

प्रत्येक कागदाच्या तळाला आवृत्ती आणि तारीख टाका, हे राहिलंच सांगायचं. माझी सुधारित प्रत सोडून जुनीच प्रत सदस्यांकडे जाणार होती, तळाची तारीख पाहून लक्षात आलं.

फिल्डवर्क रात्री. माणसं पहाटे अंधारात फडावर जातात, म्हणून दिवेलागणीनंतर कोप्यांवर जायचं. आधी पंधरा मिनिटं बसवायचं, मग तीन-तीन मिनिटांच्या अंतरानं बीपीची तीन रीडिंग आणि शेवटच्या दोनांची सरासरी. बीपी मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) मोठ्या मापाचाही सोबत ठेवा. लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा तटस्थ साक्षीदारासमोर घ्यायचा असतो. मी गावातल्या एका शिक्षिकेला सोबत नेत होते. एका बाईनं शाईचा डबा पाहूनच हात मागे घेतला. "बाई, ह्यो अंगठा उचलीचा तर न्हाई ना?" शिक्षिकेनं अख्खं संमतिपत्र तिला वाचून दाखवलं. मग तिनं अंगठा दिला. वरचं रीडिंग १८० च्या पुढे होतं. तिच्या गावाकडच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली, ती तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. ४८० पैकी ३९१ जणच तपासून झाले होते. अचूकता ५ ऐवजी ५.३ टक्क्यांवर आली. व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "८९ कमी का?" मी अर्जाची पोच आणि मंजुरीचं पत्र शेजारी शेजारी ठेवून दोन्ही तारखांवर बोट ठेवलं. त्यांनी तारखा वाचल्या आणि पान उलटलं.