जत्रेतल्या नाटकावरचा स्ट्राइक

दशावतारी मंडळाचे मालक ओरोसला माझ्या ऑफिसात आले ते फोन पुढे धरूनच. मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर कॉपीराइट स्ट्राइक पडला होता, म्हणजे हक्काच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला ताकीद, तोही त्यांच्याच नाटकावर. टाकणारा होता जत्रेजत्रेत कॅमेरा लावणारा एक व्हिडिओवाला. "वकीलसायब, नाटक आमचा, तोंडार रंग आमच्या, आणि चोर पण आमीच?"

राग रास्त होता, पण आधी फाइल बघावी लागते. मालकांच्या मुलाने चढवलेला व्हिडिओ मंडळाने शूट केलेलाच नव्हता. व्हिडिओवाल्याच्या चॅनेलवरून उतरवून, कोपऱ्यातला लोगो कापून टाकलेला होता. कॉपीराइट कायद्याने चित्रीकरणाचा मालक कोण, तर पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करणारा. नाटक कोणाचंही असो, ती फाइल त्याची.

म्हणून काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे स्ट्राइकला यूट्यूबवर द्यायचं उलट उत्तर, भरायचं नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. ते भरलं की समोरच्याला अमेरिकेतले १० कामकाजाचे दिवस मिळतात आणि तेवढ्यात त्याने कोर्टाचे कागद दाखवले नाहीत तर व्हिडिओ परत येतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण व्हिडिओ चुकीने काढला गेला असं त्यात शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि तुमचं नाव-पत्ता थेट समोरच्याकडे जातो. इथे ते धडधडीत खोटं ठरलं असतं. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनेल जातं. मालकांवर एकच होता, म्हणजे श्वास घ्यायला जागा होती.

मग मंडळाच्या हातात काय? नाट्यकृतीवर हक्क सांगावा तर कायद्याची व्याख्या आडवी येते: तिचं रूप लिहून किंवा अन्य प्रकारे पक्कं झालेलं हवं. दशावतारात कथानक ठरतं तोंडाला रंग लावता लावता, आणि राजा-राक्षस समोरासमोर आले की संवाद सुचतील तसे. कथा पुराणातली. कोर्टात ठेवायला संहितेचं एक पान नाही.

संहिता न लागणारा हक्क वेगळा, तो कलाकाराचा. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ३८अ. प्रयोगाचं चित्रीकरण करू द्यायचं का, ते लोकांपुढे जाऊ द्यायचं का, हे सादर करणारा ठरवतो आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. व्हिडिओवाल्याकडे परवानगी होती ती जत्रा कमिटीची, तीही तोंडी. कमिटीने बिदागी दिली, जागा दिली. चित्रीकरणाचा हक्क तिच्याकडे आलाच नव्हता, तर ती देणार काय?

खरी गोम पुढे होती. हा हक्क मालकाचा नाही, एकेका कलाकाराचा. राजा, राक्षस, नारद, स्त्रीपार्टी, शिवाय हार्मोनियम, पखवाज आणि झांज वाजवणारेही. व्हिडिओवाल्याला पाठवायच्या नोटिशीमागे सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि ही नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैशावर, काम करणारी माणसं हंगाम सरला की मंडळ बदलतात. स्त्रीपार्टी करणारा दुसऱ्या मंडळात गेला होता, मालकांशी पैशावरून अबोला. त्याला वगळलं असतं तर समोरचा वकील आधी त्यालाच गाठणार, हे उघड होतं. मालकांनी जुनी बाकी चुकती केली तेव्हा कुठे सही आली. कलमांपेक्षा या प्रकरणात तिचंच वजन जास्त होतं, असं माझं मत.

नोटिशीत कलम ६२ चा उल्लेख मुद्दाम केला: दावा कलाकार राहतात तिथल्या जिल्हा न्यायालयात लागू शकतो. आठवड्याभरात व्हिडिओवाला बोलायला आला. मालकांनी उचललेला व्हिडिओ कायमचा काढायचा, त्याने स्ट्राइक मागे घ्यायचा, पुढच्या प्रयोगांच्या जाहिरात उत्पन्नात वाटा ठरवायचा, असं ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहिलं, सगळ्या कलाकारांच्या सह्यांसकट. मुदत आणि प्रदेश स्पष्ट घातले, कारण ते सुटले की कलम १९ प्रमाणे मुदत ५ वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरला जातो. आखातातले चाकरमानी रात्रभर नाटक बघतात, तेव्हा 'जगभर' हवंच.

एक लोंबकळत राहिलं. नारदाचं एक पद सिनेमाच्या चालीवर होतं आणि त्यावर म्युझिक कंपनीचा कंटेंट आयडी क्लेम होता, म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप ओळखून लावलेला दावा. तो स्ट्राइक नव्हे, पण त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात, आणि आमच्या करारात कंपनी नाहीच. पुढच्या चित्रीकरणाला जुनी पारंपरिक चाल घ्या, असं हार्मोनियमवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, प्रेक्षक वन्समोअर देतात तो नेमका त्याच चालीला.