बारवांचा नकाशा, टप्पा दुसरा: लायब्ररी ठरल्या

मंडळी, परभणी जिल्ह्यातल्या बारवांचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा) नकाशा वेबवर आणायचं काम पुढे सरकलंय. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आणि चारठाण्याची पुष्करणी आता बऱ्याच जणांना माहीत आहेत, पण झाडोऱ्यात बुजलेल्या कितीतरी बारवांची कुठे नोंदच नाही. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो आणि माहिती दिसावी, तालुका निवडता यावा, नावानं शोधता यावं आणि बारवेच्या काठावर उभं राहून नोंद भरता यावी, एवढं मला हवंय.

नकाशासाठी लीफलेट घेतली. वेबपानावर नकाशे दाखवणारी ही 2011 पासूनची लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच), वजन जेमतेम 42 केबी, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाशी तिचं छान जमतं. नवीन कुणी हात घालणार असेल तर एक ध्यानात ठेवा: जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती साठवायच्या फाइल-प्रकारात) रेखांश आधी येतो, लीफलेटच्या साध्या मार्करला (ठिपक्याला) अक्षांश आधी लागतो. उलटापालट झाली की परभणी थेट आर्क्टिक समुद्रात जाऊन पडते.

खरी चुरस होती ती यादी, शोध आणि फॉर्म कशात करायचे याची. पानाचे हलते भाग बनवणाऱ्या लायब्ररींपैकी रिॲक्ट लगेच बाजूला ठेवली. ती चांगलीच आहे, पण पानावर बदल उतरवणाऱ्या रिॲक्ट-डॉम या भागासकट तिचं वजन लीफलेटच्या घरात जातं, शिवाय बिल्डचा, म्हणजे कोड ब्राउझरसाठी तयार करून घेण्याचा, सगळा पसारा मागे येतो. नोंदी सांभाळणारे सेलूचे शिक्षक मित्र एचटीएमएलची फाइल उघडून स्वतः दुरुस्ती करतात, आणि त्यांना ते पुढेही करता आलं पाहिजे. राहिल्या त्याच कामाच्या व्ह्यू आणि अल्पाइन. दोन्ही एका स्क्रिप्ट टॅगवर, म्हणजे एचटीएमएलमधल्या एका ओळीवर, चालतात.

फरक दिसला तो मराठी टाइप करताना. आपल्याकडे बहुतेक जण फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. शब्द पुरा होईपर्यंत कीबोर्ड तो कच्चाच धरून ठेवतो. टाइप केलेला मजकूर कोडपर्यंत पोचवणारं व्ह्यूचं व्ही-मॉडेल अशा वेळी मुद्दामच थांबून राहतं, त्यामुळे ‘वालू’ लिहिलं तरी खालची यादी हलत नाही, स्पेस दिल्यावरच हलते. हे तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, फक्त उदाहरणं चिनी, जपानी, कोरियनची आहेत. प्रत्येक अक्षरागणिक ब्राउझर देतो तो इनपुट इव्हेंट आपल्या कोडनं थेट ऐकला की प्रश्न सुटतो. पण अल्पाइनचं तशाच कामाचं एक्स-मॉडेल माझ्या फोनवर अक्षरागणिक यादी गाळत गेलं, वेगळं काही लिहावं लागलं नाही. माझं मत तिथंच ठरलं.

अल्पाइन वापरणाऱ्यांनी लीफलेटचा नकाशा मात्र एक्स-डेटामध्ये (अल्पाइन ज्यावर लक्ष ठेवते त्या माहितीत) ठेवू नये. अल्पाइनच्या पोटात व्ह्यूचंच रिॲक्टिव्हिटी इंजिन, म्हणजे माहिती बदलली की पान बदलणारी यंत्रणा, आहे. ते वस्तूभोवती प्रॉक्सी (बदल टिपणारं वेष्टन) गुंडाळतं, आणि मग झूम करताना मार्कर अडखळतात, ब्राउझरचा कन्सोल चुकांच्या संदेशांनी लाल होतो. नकाशा आणि मार्कर बाहेरच्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. आत फक्त निवडलेला तालुका, शोधाचा शब्द आणि गाळलेली यादी असू द्या. व्ह्यूमध्ये यासाठी, म्हणजे एखाद्या वस्तूला प्रॉक्सी लावू नको हे सांगायला, मार्करॉ (markRaw) आहे.

शोधाचं उरलेलं काम कुठलीच लायब्ररी करत नाही. वालूर-वालुर, चारठाणा-चारठाना, लोक दोन्ही लिहितात आणि दोन्ही सापडलं पाहिजे. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणतो, मग दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करतो, ण चा न आणि ळ चा ल करतो. दाखवताना अर्थातच मूळ नाव. यादीचा क्रम इंटल कोलेटर या ब्राउझरमधल्याच सोयीला ‘एमआर’ (मराठी) सांगून लावलाय.

आता ऑफलाइन. बऱ्याच बारवा रेंजबाहेर आहेत, तेव्हा नोंदी इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या साठ्यात) साठवायच्या आणि पानं सर्व्हिस वर्करनं (नेट नसतानाही पानं पुरवणाऱ्या स्क्रिप्टनं) धरून ठेवायची, असं ठरवलंय. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून टाइल्स (नकाशाच्या चित्रांचे चौकोनी तुकडे) घाऊक उतरवून ठेवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे आणि ती पाळायचीच. म्हणून रेंज नसताना मागे फक्त तालुक्यांच्या सीमा काढेन. परभणी आणि हिंगोलीच्या तालुका सीमांचं खुल्या परवान्याचं जिओजेसन कुणाकडे असेल तर कृपया कळवा.