उजनीच्या फुगवट्यासाठी बोट: दोनपैकी एक ठरली

उजनी धरणाच्या फुगवट्यात घरच्यांना घेऊन फिरायला बोट घ्यायचीय. मागच्या नोंदीत निवड दोन बोटींवर येऊन अडली होती. आता ठरलं. आऊटबोर्डवाली (इंजिन मागं बाहेर टांगलेली), उघड्या नाळेची, म्हणजे पुढचं टोक मोकळं असलेली घेतोय. केबिनवाली सोडली. कारणं सविस्तर लिहितो, कारण मुंबई-अलिबागकडच्या मंडळींचे सल्ले आपल्या धरणाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि सोलापूर-पंढरपूरकडून कुणी या नादाला लागणार असेल तर त्याचा वेळ वाचेल.

कागदावर दोन्ही जुळ्याच. फायबरचा सांगाडा, एकोणीस फूट लांबी, साडेसात फुटांच्या आसपास रुंदी, सहा माणसं आरामात. घासाघीस झाल्यावर किमतीतही फार अंतर उरलं नव्हतं. पहिली मांडव्याच्या बाजूला एका शेडमध्ये उभी होती. पुढं बुटकी केबिन, तिच्यात दोघं आडवे होतील एवढी गादी आणि खाली सरकवता येणारा पोर्टेबल संडास. तीन लिटरचं 135 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात आणि मागं बाहेर स्टर्नड्राइव्ह, म्हणजे आतल्या इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) नेणारा भाग. दुसरी पुण्याकडच्या एका धरणावर वापरलेली. केबिन नाही, नाळेतही बसायला बाकं, आणि मागं 90 अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक आऊटबोर्ड.

घरातलं पहिलं मत केबिनला होतं. सौ.चा मुद्दा सरळ होता: "तुम्हाला काय, काठ दिसला की झालं. आम्ही बायकांनी दिवसभर काय करायचं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आईची अडचण मात्र उलटी निघाली. केबिनवाल्या बोटीत काठावरून चढायचं तर नाळेवर पाय टाकून केबिनच्या कडेच्या वीतभर पट्टीवरून मागं जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते जमणार नाही. धक्का असेल तर बाजूनं चढता येतं, पण फुगवट्यात आपल्याला हवा तिथं धक्का कुठला? दुसऱ्या बोटीत नाळ काठाला टेकवली, छोटी शिडी लावली की मधल्या वाटेनं चालत आत. आई तिथंच त्या बोटीत जाऊन बसली आणि म्हणाली, "ही बरी आहे, इथं टेकायला तरी येतं."

खरा निकाल मात्र पाण्यानं दिला.

उजनीची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आणि मृतसाठ्याची 491.03. म्हणजे शंभर टक्क्यांवरून शून्यावर येताना पाणी उभं जवळपास एकोणीस फूट उतरतं, आमच्या बोटीच्या लांबीइतकं. आणि शून्य म्हणजे कोरडं नव्हे हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. 117 टीएमसीतले सुमारे 63 टीएमसी मृतसाठाच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे अमुक टक्के' हे रोजचंच. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, बुडालेल्या गावांचे चौथरे, विहिरींचे कठडे वर येतात. जे वर येतं त्याची भीती नाही. पाण्याखाली दीड-दोन फुटांवर जे राहतं, ते पंख्याला लागतं.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी मागं हटलं की उसासाठी उपशाचे पाइप आणि वायरी पाण्याच्या मागं मागं सरकत जातात. काठाजवळ बोट नेताना पुढं एक माणूस उभा करून बघत बघतच जावं लागतं. त्यात मासेमारीची जाळी, थर्माकोलचे तुकडे बांधलेली, आणि काही भागात जलपर्णी. जलपर्णीचा एक पुंजका इंजिन गार ठेवणारं पाणी ओढायच्या जाळीवर बसला की इंजिन तापायला वेळ लागत नाही.

इथं दोन्ही ड्राइव्हमधला फरक कळतो. आऊटबोर्ड पूर्ण उचललं की बोट गुडघाभर पाण्यात तरंगते. अर्धवट उचलून, शॅलो ड्राइव्हच्या (उथळ पाण्यासाठीच्या) खाचेत, हळू गतीनं चालवताही येतं. स्टर्नड्राइव्हही उचलता येतो, पण ती उंची ट्रेलरवर नेण्यासाठीची. त्या कोनात जोर दिला तर आतले युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात फिरणारे सांधे, मार खातात. शिवाय पंख्यात वायर गुंतली तर आऊटबोर्ड वर घेऊन बोटीत उभं राहूनच सुरी लावता येते. स्टर्नड्राइव्हला बहुधा पाण्यात उतरावं लागतं.

ट्रेलरचंही तसंच. केबिनवाली ट्रेलर, पेट्रोल आणि सामान धरून दीड टनाच्या वर जाते, दुसरी सव्वा टनाच्या आतबाहेर. हायवेवर, सोलापूर-मोहोळ-टेंभुर्णी, आमच्या बोलेरोला दोन्ही ओढता येतील. प्रश्न शेवटच्या दोनशे फुटांचा आहे. पाणी हटल्यावर मागं राहते ती काळी माती, वरून तडकलेली आणि आतून लोण्यासारखी. मेहुणा ट्रॅक्टरवाला आहे. त्यानं काठावर टाच रोवून बघितली आणि म्हणाला, "दाजी, दीड टन घालशील तर काढायला मलाच बोलावशील." मुरमाड काठ शोधून ठेवलाय, पण पाणी खाली गेल्यावर तोही उपयोगाचा राहत नाही.

आता तपासणी. ही मात्र कुणीही गंमत म्हणून करू नये. दोन्ही बोटींच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या आडव्या फळीवर, प्लॅस्टिकच्या हातोडीनं इंच इंच ठोकत गेलो. चांगला भाग टण्ण वाजतो. आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बसका, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो. दोन्ही ट्रान्सम पास झाले. केबिनवालीच्या ड्राइव्हचा रबरी भाता, बेलोज, बोटांनी उघडून बघितला तर घड्यांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा. बाहेरून काही दिसत नव्हतं, बाहेरची बाजू तर नुकतीच पुसून चमकवलेली. भाता फाटला की पाणी थेट बोटीत आणि जॉइंटच्या बेअरिंगमध्ये. मिस्त्री म्हणाला, "मालक, बदलू की, त्यात काय." बदलता येतो, पण त्यासाठी अख्खा ड्राइव्ह उतरवावा लागतो, आणि सोलापुरात ते करणारा मला अजून सापडलेला नाही. आऊटबोर्ड मात्र अवघड काम निघालं तर उतरवून पिकअपमध्ये टाकून पुण्याला नेता येतं. त्याचं गिअर ऑइल थोडं सोडून बघितलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत.

पोटातल्या पेट्रोल इंजिनाची आणखी एक शिस्त असते: सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारं यंत्र) चालवून तळात साठलेली वाफ बाहेर काढायची. मी पाळेन. पण उद्या भाचा किल्ली फिरवेल तेव्हा पाळेल का? चाळिशीतल्या पाऱ्यात बंद खणातलं पेट्रोल आणि आपली माणसं, हा विचार मला सोसला नाही.

केबिनवालीची बाजूही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. तिचा तळ जास्त खोल व्ही आकाराचा, कडा उंच. दुपारी वारा सुटला आणि फुगवट्यावर आखूड, टोकदार लाटा उठल्या की ती बोट निश्चित कमी आपटते आणि पाणी कमी उडतं. उजनीचा वारा हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. 2024 च्या 21 मे रोजी कुगावहून कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यामुळे आमच्याकडं नियम ठरलाय: प्रत्येकाच्या अंगात, हातात नव्हे, लाइफ जॅकेट, मुलांना त्यांच्या मापाचं, आणि वळवाच्या दिवसांत अकराच्या आत काठावर. असं वेळापत्रक असेल तर खोल व्हीसाठी वजनाची आणि पेट्रोलची किंमत मोजण्यात मला अर्थ वाटला नाही. पूर्ण थ्रॉटलला 135 वालं ताशी चाळीस लिटरच्या पुढं सहज जातं, 90 वालं तिशीच्या आसपास राहतं. आपल्याकडं पेट्रोल शंभरीच्या वर आहे, पुढचं गणित ज्याचं त्यानं करावं.

आणि केबिनचा गारवा वगैरे ऐकून घेऊ नका. मार्चनंतर सोलापुरी उन्हात ती भाकरीचा तवा होते. आम्हाला सावली हवी, खोली नको. घडीचं बिमिनी छत बसवतोय, चारी बाजूंनी वारा मोकळा. संडासाचा प्रश्न असा सुटला: तेच पोर्टेबल युनिट मागच्या बाकाखाली, आणि बिमिनीच्या चौकटीला अडकवायचा गोल पडदा. सौ.नं शिंप्याकडून कापड स्वतः आणलं, गडद निळं, आरपार न दिसणारं. त्यावरच तिचं मत फिरलं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आता 1917 चा जुना कायदा नाही, 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. बोटीची नोंदणी, विमा, जलसंपदा खात्याची परवानगी आणि ट्रेलरचं आरटीओ, ही चारही कामं वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. बोट घरी आणण्याआधीच फाइल सुरू करा. विकणाऱ्याकडून इंजिन नंबरचा ठसा कागदावर पेन्सिलनं उतरवून घेतलाय, फोटोवर विसंबलो नाही.

आऊटबोर्डवालीच्या झिंक अ‍ॅनोडबद्दल, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून त्याला वाचवणाऱ्या धातूच्या तुकड्यांबद्दल, एकानं विचारलं होतं. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसून ते काम करेनासं होतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचे लावायचे. या बोटीला आधीपासून तेच आहेत.

आता उरलं पंख्याचं. चाचणीत माणसांऐवजी वीस लिटरचे पाण्याचे जार भरून सहा जणांचं वजन केलं होतं. रिकामी बोट झटकन पाण्यावर उचलली गेली, पण जार भरल्यावर पूर्ण थ्रॉटलला आरपीएम 4,700 च्या वर चढेना. या इंजिनाला 5,000 ते 6,000 मिळायला हवेत. पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो किती इंच पुढं सरकेल ते माप) एक इंच कमी केली की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात, म्हणून सध्याच्या 17 ऐवजी 15 पिचचा अ‍ॅल्युमिनियम पंखा मागवलाय. स्टीलचा मुद्दाम टाळला. पाण्याखालच्या चौथऱ्यावर आपटला तर अ‍ॅल्युमिनियमची पाती वाकतील, पण गिअरबॉक्स वाचायची शक्यता जास्त. जुना 17 चा पंखा मोडीत काढणार नाही, तो सुटा म्हणून बोटीतच राहील, पाना, कॉटर पिन आणि जास्तीच्या नटासकट.