मेथडिस्ट मंडळीचा इतिहास लिहायचा, तर आधी रजिस्टर उघडा

मंडळीला, म्हणजे गावातल्या एका चर्चच्या सभासदांच्या समूहाला, सव्वाशे-दीडशे वर्षं होत आली की कमिटी बसते, मांडव ठरतो, जेवणाचा अंदाज निघतो आणि स्मरणिका शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलली जाते. मग संदेश, जाहिराती आणि रंगीत फोटोंतच पानं भरतात आणि इतिहास दीड पानात उरकतो. हे टाळायचं असेल तर निदान वर्षभर आधी कामाला लागायला हवं.

मेथडिस्टांची, म्हणजे या प्रॉटेस्टंट पंथाची, एक खास अडचण आहे. पाळकाची (पास्टरची) नेमणूक बिशप करतात आणि काही वर्षांनी पाळक बदलून जातो. त्यामुळे जुनी माहिती पाळकाकडे सापडत नाही. कागद पार्सनेजच्या, म्हणजे पाळकाच्या घराच्या, माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या स्टुअर्डच्या (मंडळीचा हिशेब बघणाऱ्याच्या) घरातल्या ट्रंकेत असतात. पण याच पद्धतीमुळे एक सोयही झाली आहे. वार्षिक परिषदेच्या, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या दरवर्षीच्या बैठकीच्या, छापील इतिवृत्तात त्या-त्या वर्षीच्या नेमणुकांची यादी असते. पाळकांची नावं भिंतीवरच्या बोर्डावरून उतरवू नका, कारण तो बोर्ड बहुधा कुणीतरी आठवणीवरून रंगवलेला असतो. इतिवृत्तातून वर्षावर्षाने यादी करा. एखाद्या वर्षी नावाच्या जागी ‘टू बी सप्लाइड’ दिसलं तर ते पाळकाचं नाव नव्हे. नेमणूक व्हायची होती, एवढाच त्याचा अर्थ.

स्थापनेच्या तारखेवरून वाद ठरलेला. कोनशिलेवरचं साल इमारतीचं असतं, मंडळीचं नव्हे. मुंबईचंच बघा. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांच्या सभा १८७१ च्या अखेरीस झाल्या, लोक घराघरांत गटाने बसू लागले आणि १८७२ च्या सुरुवातीला मंडळी उभी राहिली. इमारती पुढच्या. कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल चर्चला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ पासून मुंबईत होते, पण मेथडिस्टांत आले ते टेलर यांच्या कामानंतर. ते १८८८ मध्ये वारले, म्हणजे ‘मेमोरियल’ हे नाव त्यानंतरचंच. म्हणून पहिली सभा, पहिला बाप्तिस्मा, जागेचा दस्त आणि कोनशिला या चार तारखा वेगवेगळ्या लिहा. जयंती कुठल्या तारखेची करायची ते कमिटी ठरवेल.

तारीख नसलेला कागद हाती आला तर शिक्का बघा. ‘मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ असेल तर तो साधारण १९३९ पूर्वीचा, कारण त्या वर्षी अमेरिकेतल्या तीन मेथडिस्ट शाखा एक झाल्या आणि नाव बदललं. ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ असेल तर त्यानंतरचा, आणि ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ असेल तर १९८१ नंतरचा. अर्थात जुनी लेटरहेडं संपेपर्यंत वापरायची सवय आपल्याकडे आहेच, तेव्हा चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरा. शिक्का ‘वेस्लियन’ असेल तर ती ब्रिटिश शाखा. तिचे मिशनचे कागद लंडनला सोआस या विद्यापीठ-संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. अमेरिकन शाखेचे न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठाच्या आवारात.

आता रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन. जुनी शाई बहुधा मायफळ आणि हिराकसाची असते. ती मुळात काळी, वर्षांनी तपकिरी होते आणि आम्ल असल्यामुळे कागद खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं. असं पान लॅमिनेट केलं की आम्ल आतच कोंडतं आणि ते पान सोडवून दुरुस्त करणं जवळपास अशक्य होतं. सेलोटेप तर नकोच. त्याचा डिंक दहा-वीस वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. फाटलेलं पान तसंच ठेवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये. बुरशी दिसली तर उन्हात टाकू नका; सावलीत, खेळत्या हवेत वाळवा आणि मग मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झटका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तळाचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून बघायचं, कसर आणि वाळवी दोन्हींसाठी.

फोटो काढताना मोबाइल स्टँडवर, पान सपाट, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश बंद. कोरी पानंसुद्धा काढा, नाहीतर पुढे कुणीतरी विचारणारच की मधलं पान गेलं कुठे. फाइलच्या नावात आधी रजिस्टर, मग साल, मग पान क्रमांक.

वाचताना घोळ होतो तो नावांचा. एकच आडनाव इंग्रजीत तीन पाळकांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. बाप्तिस्म्याआधीचं नाव एका रकान्यात, नंतरचं दुसऱ्या. दोन माणसं समजून मोजू नका. बायका बऱ्याचदा ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावरच भागवलेल्या असतात. बायबल बायांचं, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या बायकांचं, काम शोधायचं तर मंडळीच्या रजिस्टरात नव्हे, बायकांनी चालवलेल्या मिशनच्या वार्षिक अहवालांत शोधा. स्मरणिकेत त्यांना दोन ओळींत गुंडाळणं हा अन्यायच आहे.

संगमरवरी पाटी आम्लाने घासू नका. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ती विरघळते आणि अक्षरं उथळ होतात. साधं पाणी, सुती फडकं. पुसट मजकूर वाचायचा तर रात्री दिवे मालवून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खाचांत सावली भरते आणि दिवसा न दिसणारं सालही उठून येतं.

सगळं ऑनलाइन मात्र टाकू नका. रजिस्टरात दत्तक मुलं, बापाचं नाव नसलेली मुलं, पूर्वीची जात, सगळं असतं, आणि त्यांची नातवंडं आज त्याच बाकांवर बसतात. गेल्या शंभर वर्षांची पानं कुटुंबाने मागितली तरच दाखवावीत. स्मरणिकेतल्या पाळकांच्या यादीत जिथे नाव मिळालं नाही तिथे ‘नोंद नाही’ असं छापा. ते वाचूनच कुणीतरी आजीच्या ट्रंकेतला ग्रुप फोटो घेऊन येतं.