भूकंपाच्या आधीचं गाणं

शनिवार, आषाढी एकादशी. रात्री.

पाऊस पहाटेपासून कोसळत होता. चुनाभट्टीला रुळांवर पाणी, हार्बर बंद. चेंबूरहून टॅक्सी केली, तर वडाळ्याला विठ्ठलाची रांग थेट रस्त्यावर आलेली, आणि हिंदमाताकडून जायचं तर नावच नको. तरी रखडत परळ गाठलं, कारण ह्यांच्या डायालिसिसला खाडा चालत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. सगळी मुंबई पाण्यात आणि आमच्या घरात ह्यांचं पाणी मापाने, दिवसाला जेमतेम लिटर, चहा-आमटी धरून. ह्यावर आता आम्ही दोघं हसतो. पहिल्या पावसाळ्यात हसलो नव्हतो.

आजचं लिहून ठेवायचं ते शेजारच्या खाटेवरच्या आजींमुळे. साताऱ्याकडच्या, पूर्वी देहूच्या पालखीबरोबर चालणाऱ्या. मूत्रपिंडं निकामी झाली आणि वारी सुटली. ह्या वर्षी उपासही सुटला, कारण शेंगदाण्यात फॉस्फरस, बटाट्या-रताळ्यात पोटॅशियम. मग एकादशीला माणसाने खायचं काय? सुया लागल्या, मशीन सुरू झालं आणि आजी भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. सिस्टरनी धावत येऊन बीपी घेतलं. बीपी छान होतं.

तेव्हा हे गायला लागले. बेस्टमध्ये जन्मभर कंडक्टरकी केलेला आवाज, बारीक गाता येतच नाही. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायालिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर, तो हात हलवायचा नाही, म्हणून उजव्या हाताने खाटेच्या दांडीवर ठेका. नारायण वामन टिळकांचं भजन, आमच्या उपासनेत नेहमी असतं ते. दुसऱ्या कडव्याला आजींनी मान वळवली.

"तुकोबांचा अभंग का हा?"

"नाही आजी, टिळकांचं आहे. आमच्यातले. 1895 साली इथंच मुंबईत बाप्तिस्मा घेतला त्यांनी. पण ते म्हणायचे, तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो."

आजींनी डोळे पुसले. "मग पूल आमचाच की."

सगळा वॉर्ड हसला. गोवंडीचे चाचासुद्धा, ज्यांच्या पायात दर वेळी गोळे येतात आणि जे सहसा कुणाशी बोलत नाहीत. मग आजींनी एक अभंग म्हटला, अडखळत, कारण यंत्रातून मिनिटाला तीनशे मिली रक्त फिरत असताना दम पुरत नाही. ह्यांनी ध्रुवपद उचललं. मी बाहेरच्या बाकावरून दारात येऊन उभी राहिले. सिस्टरनी मला हटकलं नाही.

घरी येऊन बायबलमधली प्रेषितांची कृत्यं काढली, सोळावा अध्याय. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला, येशूचे प्रचारक, फटके खाल्लेले, पाय खोड्यात, मध्यरात्री गाणी गात आहेत. भूकंप होऊन दारं उघडली, हे आपण संडे स्कूलपासून घोकतो. पण गाणं भूकंपाच्या आधीचं आहे. ते गात होते तेव्हा दार उघडणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि मधे एक लहानसं वाक्य आहे, ज्यावरून माझी नजर इतकी वर्षं घसरत गेली: बाकीचे बंदिवान ऐकत होते.

आमच्या मंडळीत साक्ष देतात त्या बहुतेक दार उघडल्यावरच्या. गाठ होती, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल. देवाची स्तुती असो, मला त्यांचा हेवा नाही. पण आमचं दार अजून बंद आहे. ह्यांच्या भावाची किडनी जुळली नाही, यादीत नाव आहे, फोनची वाट बघतो. अशा घराची साक्ष कुणी मागत नाही. उलट भेटायला येणारे "देव परीक्षा बघतोय" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मला हे वाक्य पटत नाही. शुभवर्तमानात येशू कुठल्या रोग्याला तुझी परीक्षा चालू आहे असं म्हणालेला मला तरी सापडला नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्रात संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा अशी साखळी आहे. माझ्या बाबतीत पहिली कडीच लागेना. संकटाने चिडचिड आली, पैशाची भीती आली. जनआरोग्य योजनेत डायालिसिस बसतं हे कळल्यावर भीती जरा ओसरली. धीर केव्हा आला ते सांगता यायचं नाही. एवढं खरं की प्रार्थना लांबीने कमी झाली. पूर्वी मी देवापुढे अर्ज लिहिल्यासारखी मागण्या वाचायचे. आता रात्री ह्यांच्या मनगटावर हात ठेवून फिस्टुलाची थरथर लागते का बघते, ती लागली की "आभार, प्रभू" म्हणते आणि झोपते. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच उत्तर मिळालं. पूर्वी ते मला देवाने हात झटकल्यासारखं वाटायचं. हल्ली वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचं मनात येतं. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, भाऊ. 1882 मध्ये नवरा. आणि 1921 मध्ये मनोरमा, एकुलती लेक, जिच्यावर बाईंच्या मुक्तिमिशन ह्या निराधार बायकांच्या आश्रमाची भिस्त होती. तरी केडगावला बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम शेवटपर्यंत सोडलं नाही. दुःखातला आनंद म्हणजे काय हे कुणी विचारावं तर ह्या बाईला, आम्हाला नव्हे. माझा आनंद फार लहान आहे: आज चार तासांत ह्यांनी एकदाही घड्याळ विचारलं नाही.

उद्या उपासनेला पाळकसाहेब विचारतील तर आजींची गोष्ट सांगेन. विठ्ठलाचा अभंग ऐकून एखाददुसऱ्याच्या कपाळाला आठी पडेल, पडू दे.

मंगळवारी आजींना ह्यांच्याच शेजारची खाट हवी आहे. सिस्टर म्हणाल्या, इथे रिझर्व्हेशन नसतं. आजी म्हणाल्या, मग मी लवकर येऊन रुमाल टाकते.