बेलियाघाटातली हैदरी मंझील

कोलकात्याला गेलेली आपली मंडळी दक्षिणेश्वर, बेलूर मठ, फार तर जोडासांकोचा ठाकूरवाडा पाहून परततात. मला मात्र आधी बेलियाघाटा गाठायचं होतं. सियालदह स्टेशनच्या पूर्वेला, दाट वस्तीत ही हैदरी मंझील आहे. आता तिला गांधी भवन म्हणतात. पुण्याचा आगाखान पॅलेस डोळ्यांसमोर ठेवून आलात तर हे घर फारच साधं वाटेल: खांबांचा व्हरांडा आणि मोजक्या खोल्या.

देश स्वतंत्र झाला तेव्हा गांधीजी इथे होते. खरं तर ते पूर्व बंगालातल्या दंगलग्रस्त नोआखालीला निघाले होते, पण दंगलीच्या भीतीने कोलकात्यातल्या मुसलमानांनी त्यांना थांबवून घेतलं. गांधीजींनी मुस्लीम लीगचे पुढारी सुऱ्हावर्दींना अट घातली, दोघांनी एकाच छपराखाली राहायचं. 1946 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात झालेल्या हिंदू-मुसलमान कत्तलीच्या वेळी सुऱ्हावर्दी बंगालचे मुख्यमंत्री होते आणि हिंदूंचा त्यांच्यावर भयंकर राग होता. 13 ऑगस्ट 1947 ला गांधीजी इथे आले, तेव्हा 'परत जा' म्हणत जमाव दारात उभा होता. दुसऱ्या संध्याकाळी लोकांनी सुऱ्हावर्दींना कत्तलीचा जाब विचारला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आपली जबाबदारी कबूल केली. सत्ता भोगलेल्या माणसाने संतप्त गर्दीपुढे असं बोलणं मला आजही फार मोठं वाटतं.

15 ऑगस्टला गांधीजींनी उपास केला, प्रार्थना केली, सूत कातलं. बाहेर हिंदू-मुसलमान एकमेकांना मिठ्या मारत होते. पुढे माउंटबॅटन यांनी त्यांना पत्र लिहिलं: पंजाबात 55 हजार सैनिक असूनही दंगल आवरत नाही, बंगालात आमचं सैन्य म्हणजे एकच माणूस आणि तिथे दंगल नाही.

ही शांतता टिकली नाही. 31 ऑगस्टच्या रात्री जमाव या घरात घुसला, काचा फोडल्या. गांधीजींच्या दिशेने आलेली लाठी आणि वीट थोडक्यात हुकली. 1 सप्टेंबरला शहर पुन्हा पेटलं आणि 77 वर्षांच्या या म्हाताऱ्याने उपोषण सुरू केलं. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, तेव्हा पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. ते समजूत घालायला आले. गांधीजींनी ऐकलं नाही. शांततेसाठी रस्त्यावर उतरलेले सचिन मित्र याच दिवसांत मारले गेले. दंगलखोर स्वतः येऊन हत्यारं गांधीजींपुढे ठेवू लागले. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिल्यावर 4 सप्टेंबरच्या रात्री सुऱ्हावर्दींच्या हातून रस घेऊन त्यांनी उपास सोडला.

लोकांनी आणून दिलेली शस्त्रं इथे मांडून ठेवली आहेत. बाकी फोटो, चरखा वगैरे आपण इतरत्रही पाहतो. इथे यायचं ते या शस्त्रांसाठी. ही कुणी झडतीत पकडलेली नाहीत, वापरणाऱ्यांनी आपण होऊन सोडलेली आहेत. दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयातल्या तलवारींपुढे मी इतका वेळ थांबलो नव्हतो. मुलांना घेऊन जाणार असाल तर 31 ऑगस्टची रात्र त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती हत्यारं नुसतं जुनं लोखंड वाटतील.

7 सप्टेंबरला गांधीजी इथून पंजाबात जायला निघाले. वाटेत दिल्ली जळत होती, तिथेच त्यांना थांबावं लागलं. पंजाब राहिला, नोआखालीही राहिली.