जेल जमलं, पण औषध बाहेर येईना

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला मेलॉक्सिकॅम हे सांधेदुखीवरचं औषध मिळालं तेव्हा वाटलं, जेलच तर करायचंय. कार्बोपॉल, म्हणजे जेल बनवणारी पावडर, रात्रभर भिजवायची, औषध मिसळायचं, ट्रायइथॅनॉलअमाइन या अल्कलीचे थेंब टाकले की घट्ट. झालंही घट्ट. फक्त आत पिवळी कणी तशीच, न विरघळलेली.

मेलॉक्सिकॅम पाण्याला दाद देत नाही. पीएच चढवला की बरंच विरघळतं, पण त्वचेवर लावायच्या गोष्टीचा पीएच चढवून चढवून किती चढवणार? सातच्या आसपास थांबले आणि पीईजी ४०० हे द्रावक आणलं. १० टक्के पीईजीचं जेल स्वच्छ दिसलं. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर औषधाच्या स्फटिकांच्या सुयाच सुया.

मग मी इरेला पेटले. पीईजी ४० टक्क्यांवर नेलं. जेल असं पारदर्शक की डबीपलीकडचं अक्षर वाचता यावं. मॅडमना दाखवायला धावत गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "फ्रान्झ सेलला लावलंस?"

लावलं. फ्रान्झ सेल म्हणजे जेलमधलं औषध पडदा ओलांडून किती उतरतं ते तपासायचं काचेचं भांडं. वर जेल, खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, मध्ये सेलोफेनचा पडदा, तापमान ३२ अंश. ठरल्या वेळी १ मिली काढायचं, तेवढाच ताजा बफर भरायचा. पहिल्या दिवशी पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला आणि सहा तास पाण्यात गेले. बफरमध्ये म्हणा हवं तर. दुसऱ्या खेपेचे आकडे बघून मी औषध मोजणाऱ्या यूव्ही मशीनलाच दोष दिला. सुया पडलेल्या जेलमधूनसुद्धा यापेक्षा जास्त औषध उतरलं होतं!

मशीन ठीक होतं. पीईजीत औषध इतकं सुखात होतं की पडदा ओलांडून जाण्याची त्याला गरजच नव्हती. भरल्या ताटावरून कोण उठतं?

म्हणजे द्रावक हवं, पण जेमतेम. जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते तेव्हा केलं: पीईजीच्या वेगवेगळ्या प्रमाणांत जास्तीचं औषध घालून शेकरवर ४८ तास, मग गाळून विद्राव्यता मोजली. लागेल त्याहून किंचितच जास्त पीईजी घेतलं आणि स्फटिक धरू नयेत म्हणून थोडं पीव्हीपी.

टिकतं का ते बघायला ४० अंशांत ठेवलेली डबी तीन महिन्यांनी उघडली. स्लाइड स्वच्छ. मी ती तीनदा पाहिली.

मॅडम म्हणाल्या, "सेलोफेन म्हणजे कातडी नव्हे." आता प्रश्न एवढाच, सोमवारी खऱ्या कातडीसाठी डुकराचे कान आणायला कोण जाणार?